फ्रेंच नामांचे लिंग आणि शब्दाचा शेवटचा ध्वनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच शिकणारे, शिकवणारे आणि भाषाविज्ञानात रस असलेले वाचक नामांच्या लिंगाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला 'झ' 'झरा'मधल्यासारखा आणि 'ज' 'टेलिव्हिजन'मधल्यासारखा वाचावा. 'ल' आणि 'अं' ही पुल्लिंगी उपपदे (नामाआधी येणारे, इंग्रजी 'द' आणि 'अ'सारखे शब्द) आहेत, 'ला' आणि 'यून' ही स्त्रीलिंगी.

१. फ्रेंचमध्ये लिंगे किती आहेत आणि ती वाक्यात दिसतात कुठे?

लिंगे दोनच आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. लॅटिनमधले नपुंसकलिंग फ्रेंचपर्यंत टिकले नाही, त्यातली बहुतेक नामे पुल्लिंगात मिसळून गेली. लिंग दिसते ते उपपदात, विशेषणात आणि सर्वनामात. अनेकवचनात मात्र 'ले' हे एकच उपपद दोन्ही लिंगांना चालते, आणि संशोधकांनी या सोयीचा चांगला उपयोग करून घेतला आहे (प्रश्न १३ पाहा).

२. आमच्या पुस्तकात 'लिंगाला नियम नाही, उपपदासकट शब्द पाठ करा' असे छापले आहे. ते चूक आहे का?

पाठ करण्याचा सल्ला चांगला आहे, त्यामागचे कारण मात्र चुकीचे दिले आहे. लिंग पूर्णपणे यादृच्छिक असते, तर कधीही न ऐकलेल्या शब्दाचे लिंग सांगताना फ्रेंच माणसे नाणेफेक केल्यासारखी उत्तरे देती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रिचर्ड टकर, वॉलेस लँबर्ट आणि आंद्रे रिगो यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत हा प्रश्न धसास लावला आणि १९७७ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. 'पती लारूस' या कोशातील ३१,६१९ नामे त्यांनी शेवटच्या ध्वनीनुसार लावून पाहिली, तेव्हा अनेक ध्वनींच्या वाट्याला जवळजवळ एकाच लिंगाची नामे आलेली दिसली. शब्द कशावर संपतो आणि त्याचे लिंग कोणते, यांचा संबंध आहे हे त्यानंतर कोणी गंभीरपणे नाकारलेले नाही. वाद आहे तो या संबंधाचा उपयोग कोण, केव्हा आणि किती करतो याबद्दल.

३. कोशातली आकडेवारी एक गोष्ट झाली. पण बोलणाऱ्याच्या डोक्यात हा नियम असतो हे कसे दाखवले?

बनावट शब्द वापरून. फ्रेंच मातृभाषक विद्यार्थ्यांना असे शब्द दिले गेले की जे भाषेत नाहीत, पण ऐकायला फ्रेंच वाटतात. अशा शब्दाला अर्थ नसतो आणि तो पूर्वी ऐकलेला नसतो, म्हणून उत्तर द्यायला ध्वनीखेरीज दुसरा आधार उरत नाही. विद्यार्थ्यांची उत्तरे कोशातल्या प्रमाणाशी जुळत गेली: ज्या शेवटाची खरी नामे बहुतांश पुल्लिंगी, त्या शेवटाचे बनावट शब्दही त्यांनी बहुतांश पुल्लिंगी ठरवले. शब्दाची सुरुवात बदलून फारसा फरक पडला नाही, मात्र शेवट संदिग्ध असला की त्याच्या मागच्या ध्वनींचा आधार घेतला गेला. हे नियम त्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि विचारल्यावर ते त्यांना सांगताही येत नव्हते.

४. मग भरवशाचे शेवट कोणते?

अनुनासिक 'एं' हा सर्वांत पक्का म्हणता येईल. 'जार्दें' (बाग), 'वें' (वाइन), 'पें' (पाव) यांसारख्या या गटातल्या नामांपैकी टकर आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत सुमारे ९९ टक्के पुल्लिंगी निघाली. 'ज'वर संपणाऱ्या नामांपैकी सुमारे ९४ टक्के पुल्लिंगी आहेत, उदाहरणार्थ 'फ्रोमाज' (चीज), 'गाराज', 'विलाज'. उलट 'झ'वर संपणाऱ्या नामांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रीलिंगी आहेत. 'ओ'वर संपणारी 'बातो' (बोट), 'शापो' (टोपी), 'गातो' (केक) ही पुल्लिंगी. 'एत'वर संपणारी 'फुर्शेत' (काटा), 'बिसिक्लेत' (सायकल) ही स्त्रीलिंगी.

या प्रत्येक गटात अपवाद आहेत, आणि दुर्दैवाने ते रोजच्या वापरातले आहेत. 'में' (हात) आणि 'फें' (शेवट) स्त्रीलिंगी, 'ओ' (पाणी) आणि 'पो' (त्वचा) स्त्रीलिंगी, तर 'स्कलेत' (हाडांचा सापळा) पुल्लिंगी. 'फोतो' आणि 'मोतो' यांना मात्र मी अपवाद मानत नाही. ती 'फोतोग्राफी' आणि 'मोतोसिक्लेत' यांची आखूड केलेली रूपे आहेत आणि मूळ शब्दाचे लिंग त्यांनी जसेच्या तसे ठेवले आहे.

५. 'ओं'वर संपणारे शब्द दोन्ही लिंगांत सापडतात. येथे नियम मोडतो ना?

मोडत नाही, एक ध्वनी पुरत नाही, इतकेच. या गटात शेवटाकडून मागे एकेक पाऊल टाकत जावे लागते, आणि संपूर्ण संशोधनातला माझ्या मते सर्वांत रोचक भाग हाच आहे.

नुसते 'ओं' ऐकून काही ठरवता येत नाही: 'बाल्कों', 'बुतों' (बटण) पुल्लिंगी, तर 'लसों' (धडा), 'फासों' (पद्धत) स्त्रीलिंगी. एक पाऊल मागे जाऊन 'यों' मिळाले तरी 'आव्यों' (विमान) आणि 'काम्यों' (ट्रक) पुल्लिंगीच असतात. आणखी मागे जाऊन 'स्यों' मिळाले की चित्र पालटते: 'नास्यों', 'स्तास्यों' आणि तशी शेकडो नामे, जवळजवळ सगळी स्त्रीलिंगी.

'झों'चेही तसेच आहे. 'गाझों' (हिरवळ), 'ब्लाझों' (कुलचिन्ह), 'ओरिझों' (क्षितिज) पुल्लिंगी आहेत. पण 'झों'च्या आधी 'ए' असेल, तर 'मेझों' (घर), 'सेझों' (ऋतू), 'रेझों' (कारण), 'लियेझों' (जोड) अशी स्त्रीलिंगी रांगच लागते. 'वाझों' ऐकू आले तर मात्र दोन तट पडतात. 'क्ल्वाझों' (खोलीतील आडभिंत) स्त्रीलिंगी आहे आणि 'प्वाझों' (विष) पुल्लिंगी. या 'प्वाझों'ची गंमत अशी की तो ज्या लॅटिन शब्दापासून आला तो स्त्रीलिंगी होता, जुन्या फ्रेंचमध्येही तो स्त्रीलिंगीच होता. लिंग त्याने नंतर बदलले.

६. उच्चार पाहायचा की स्पेलिंग?

जुन्या मोजण्या उच्चारावर आधारलेल्या होत्या. मॅकगिलचेच रॉय लिस्टर यांनी २००६ साली 'ल रोबेर ज्युनिअर' या मुलांच्या कोशातील ९,९६१ नामे तपासताना शेवटाचे लेखी रूप हिशेबात घेतले. ज्या शेवटाची किमान ९० टक्के नामे एकाच लिंगाची, तो शेवट त्यांनी विश्वसनीय मानला. या कसोटीने स्त्रीलिंगी नामांपैकी ८१ टक्के आणि पुल्लिंगी नामांपैकी ८० टक्के नामांचे शेवट विश्वसनीय ठरले.

लेखी रूपाचा फायदा कोठे होतो हे 'वार' या शेवटावरून चांगले कळते. 'स्वार' (संध्याकाळ) आणि 'मिर्वार' (आरसा) यांच्या स्पेलिंगच्या अखेरीस 'ई' (e) हे अक्षर नाही आणि ती पुल्लिंगी आहेत. 'इस्त्वार' (इतिहास) आणि 'व्हिक्त्वार' (विजय) यांच्या अखेरीस ते आहे आणि ती स्त्रीलिंगी आहेत. कानाला मात्र दोन्ही शेवट एकच. अर्थात 'ई' अक्षर दिसले की स्त्रीलिंग, हा शिकवणीवर्गात सर्रास सांगितला जाणारा नियम विसरलेला बरा. 'लाबोरात्वार' (प्रयोगशाळा), 'म्यूझे' (संग्रहालय) आणि 'लीसे' (उच्च माध्यमिक शाळा) या तिन्हींच्या अखेरीस 'ई' आहे आणि तिन्ही पुल्लिंगी आहेत. लहान मूल भाषा शिकते तेव्हा त्याला स्पेलिंग येत नसते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून मुलांबद्दल विधान करायचे असेल तर उच्चाराचीच आकडेवारी वापरली पाहिजे.

७. ८० टक्के नामे नियमात बसतात, म्हणजे शेवट पाहून बोललो तर पाचपैकी चार वेळा बरोबर येईन का?

असा अर्थ काढणे घाईचे होईल, आणि या संशोधनाचा सर्वाधिक गैरसमज येथेच होतो.

पहिली गोष्ट, कोशातल्या मोजणीत प्रत्येक नाम एकदाच मोजले जाते. बोलण्यात 'पाणी', 'हात', 'शेवट', 'पान' असे शब्द दिवसातून कितीतरी वेळा येतात आणि नेमके तेच अपवाद आहेत. उलट 'स्यों'वर संपणारी शेकडो भारदस्त नामे कोशाचे पान भरतात, पण चहाच्या टपरीवर क्वचितच ऐकू येतात. दुसरी गोष्ट, तुलना शून्याशी किंवा ५० टक्क्यांशी करून चालत नाही. फ्रेंच कोशांत पुल्लिंगी नामांचे प्रमाण ढोबळमानाने ६० टक्के आहे, त्यामुळे डोळे मिटून सगळ्याला 'ल' लावणारा माणूसही बऱ्याच वेळा बरोबर येतो. नियमांची खरी कमाई त्या ६० टक्क्यांच्या वर जे मिळते तेवढीच धरायला हवी. तिसरी गोष्ट, लिस्टर यांचा आकडा ९० टक्क्यांच्या कसोटीवर अवलंबून आहे. कसोटी कडक केली तर नियमात बसणारी नामे कमी होतील, सैल केली तर वाढतील.

इतके सगळे वजा करूनही नियमांचे मोल उरते, विशेषतः लांब, साधित आणि प्रथमच भेटणाऱ्या शब्दांच्या बाबतीत. एकाच सिलेबलच्या छोट्याशा शब्दाचे लिंग पाठच करावे लागते. चार सिलेबलांच्या, प्रत्ययाने संपणाऱ्या शब्दाच्या बाबतीत तशी वेळ सहसा येत नाही.

८. 'आज'वर संपणारे सहा शब्द स्त्रीलिंगी का आहेत?

'काज' (पिंजरा), 'इमाज' (प्रतिमा), 'नाज' (पोहणे), 'पाज' (पान), 'प्लाज' (समुद्रकिनारा) आणि 'राज' (संताप) हे ते सहा, आणि यांची यादी प्रत्येक वर्गात घोकली जाते. कारण व्युत्पत्तीत आहे. 'फ्रोमाज', 'व्वायाज' (प्रवास) यांच्या शेवटचा 'आज' हा लॅटिनमधील 'आतिकुम' या नपुंसकलिंगी प्रत्ययापासून आलेला आहे आणि तो पुल्लिंगात गेला. या सहा शब्दांत तो प्रत्यय मुळातच नाही. 'पाज' आणि 'इमाज' ही लॅटिनमधल्या स्त्रीलिंगी नामांची फ्रेंच रूपे आहेत, 'प्लाज' इटालियनमधून आला, तर 'नाज' हे 'पोहणे' या क्रियापदापासून बनले. ध्वनी सारखा झाला तो शेकडो वर्षांच्या उच्चारबदलानंतर. लिंग मात्र ज्याचे त्याने राखले.

इतिहासाने सगळेच उलगडते असेही नाही. 'कुलर' (रंग), 'दुलर' (वेदना), 'शालर' (उष्णता) ही लॅटिनमध्ये पुल्लिंगी असलेली नामे फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी झाली, पण 'ओनर' (मान) पुल्लिंगीच राहिले. 'अर' या शेवटाच्या बाबतीत अर्थाचीही मदत घ्यावी लागते: काम करणारा माणूस किंवा यंत्र असेल, जसे 'मोतर' किंवा 'ओर्दिनातर' (संगणक), तर नाम पुल्लिंगी असते.

९. शब्द स्त्रीसाठी वापरलेला असेल पण ध्वनी पुल्लिंगी वाटत असेल, तर कोण जिंकते?

मोठ्यांच्या भाषेत माणसे आणि नाती यांच्या बाबतीत सामान्यतः अर्थ जिंकतो. मुलांच्या बाबतीत उत्तर अनपेक्षित आहे. अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी जिनिव्हातील फ्रेंचभाषक मुलांना काल्पनिक प्राण्यांची आणि माणसांची चित्रे दाखवून त्यांना 'बिक्रों', 'प्लिशेत' अशी बनावट नावे दिली; हे काम १९७९ साली प्रसिद्ध झाले. काही चित्रांत बाई आणि नावाचा शेवट पुल्लिंगी वळणाचा अशी मुद्दाम विसंगती ठेवली होती. तीन-चार वर्षांच्या मुलांनीही चित्रातील व्यक्तीपेक्षा नावाच्या शेवटावर अधिक भर दिला. मूल आधी अर्थावरून लिंग शिकते आणि मग ध्वनीकडे वळते, ही सोयीची समजूत त्यामुळे टिकत नाही.

मोठ्यांच्या भाषेतही काही नामे अर्थाला दाद देत नाहीत. 'विक्तीम' (बळी पडलेली व्यक्ती), 'पेर्सोन' (व्यक्ती) आणि 'सांतिनेल' (पहारेकरी) ही पुरुषाबद्दल बोलतानाही स्त्रीलिंगीच राहतात.

१०. सामासिक नामांना हेच नियम लागतात का?

नाही. क्रियापद आणि नाम जोडून झालेला शब्द त्याचा शेवट काहीही असला तरी पुल्लिंगी असतो: 'वेसेल' (भांडी) स्त्रीलिंगी, पण 'ल लाव-वेसेल' (भांडी धुण्याचे यंत्र), 'मोने' (सुटे पैसे) स्त्रीलिंगी, पण 'ल पोर्त-मोने' (पैशांचे पाकीट). कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या मेरी सरिज यांनी लिंगाच्या नियमांत श्रेणी असते, म्हणजे काही नियम इतरांवर मात करतात, असे मांडले ते अशाच उदाहरणांच्या आधारे. ध्वनीचा नियम त्या उतरंडीत खालच्या पायरीवर येतो.

११. उच्चार अगदी एकच आणि लिंगे दोन, अशा शब्दांचे काय?

'ल तूर' म्हणजे फेरी, 'ला तूर' म्हणजे मनोरा. 'ल लीव्र' म्हणजे पुस्तक, 'ला लीव्र' म्हणजे पौंड. 'ल वाझ' म्हणजे फुलदाणी, 'ला वाझ' म्हणजे चिखल. 'फ्वा' या उच्चाराचे तर तीन शब्द आहेत: यकृत पुल्लिंगी, श्रद्धा आणि खेप स्त्रीलिंगी. ध्वनीवरून लिंग ठरवण्याच्या कोणत्याही नियमाला येथे अर्धे तरी चुकणे भाग आहे. लिंग हा त्या शब्दाच्या स्मृतीतील नोंदीचा भाग असतो, याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

१२. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत फ्रेंच लोकही चुकतात असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. अशा शब्दांपुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून नुसता 'ल्' उरतो, आणि 'माझी' या अर्थाचे 'मा' जाऊन तेथे पुल्लिंगी 'मों' येते: मैत्रीण स्त्रीलिंगी असूनही 'मोनामी'. त्यामुळे अशा नामाचे लिंग कानावर पडण्याच्या संधीच कमी होतात. 'एस्पेस' (प्रकार) हे स्त्रीलिंगी नाम, पण त्याच्यापुढे पुल्लिंगी नाम आले की 'अं नेस्पेस द...' असे सुशिक्षित लोकही बोलून जातात. स्वर नसतानाही गोंधळ होतोच; 'पेताल' (पाकळी) आणि 'तांताक्यूल' (अष्टपादाची सोंड) पुल्लिंगी आहेत, तरी पुष्कळांना ती स्त्रीलिंगी वाटतात. शेवटच्या व्यंजनाचा ओढा येथे जाणवतो.

या संदर्भात दालिला आयुन यांच्या अभ्यासाचे आकडे फार फिरवले जातात: ५६ मातृभाषकांचे ९३ पुल्लिंगी शब्दांपैकी १७ शब्दांवरच एकमत झाले आणि ५० स्त्रीलिंगी शब्दांपैकी एकाच शब्दावर. आकडे खरे आहेत, पण 'एकमत' म्हणजे छप्पनच्या छप्पन जणांचे एकच उत्तर. एकजण चुकला तरी तो शब्द यादीतून बाद होतो. यावरून फ्रेंच लोकांना आपल्याच भाषेतले लिंग येत नाही, असे म्हणणे वडाची साल पिंपळाला लावण्यासारखे आहे.

१३. बोलताना फ्रेंच माणूस दर वेळी शेवट तपासतो का?

नेहमीच्या शब्दांसाठी त्याची गरज पडत नाही. तेथे लिंग शब्दाबरोबरच आठवते, आणि उपपद ऐकताच पुढच्या शब्दाचा शोध आवळला जातो. डेल्फीन दाहान आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे नजरेच्या हालचाली टिपून दाखवले. पडद्यावर काही चित्रे असतात, त्यांत बटणे ('बुतों', पुल्लिंगी) आणि बाटल्या ('बुतेय', स्त्रीलिंगी). 'ले बुतों' असे अनेकवचन ऐकताना सुरुवातीचा 'बुत' कानी पडताच श्रोत्यांची नजर बाटल्यांकडेही वळते. 'ल बुतों' असे एकवचन ऐकवले, की बाटलीकडे नजर जात नाही. 'ल' या एवढ्याशा शब्दाने ती आधीच स्पर्धेबाहेर काढलेली असते. देल्फीन गियेल्मों आणि फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी २००१ साली असे दाखवले की लहानपणापासून इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्यांना उपपदाची अशी मदत होते, उशिरा फ्रेंच शिकलेल्यांना, भाषा उत्तम येत असूनही, ती होत नाही.

१४. हे शेवट वर्गात शिकवल्याने उपयोग होतो का?

होतो, पण पद्धतीवर बरेच अवलंबून आहे. कॅनडात इंग्रजीभाषक मुले सर्व विषय फ्रेंचमधून शिकतात असे वर्ग आहेत; त्यांतली मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही लिंगाच्या चुका करत राहतात. बिर्गिट हार्ली यांनी १९९८ साली दुसरीच्या मुलांना खेळांतून शेवटाकडे लक्ष द्यायला शिकवले. ओळखीच्या शब्दांत सुधारणा झाली, पण अनोळखी शब्दांना तो नियम मुलांना लावता आला नाही. लिस्टर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचवीचे १७९ विद्यार्थी होते. शेवट शिकवून वर चूक झाल्यावर उत्तर न सांगता विद्यार्थ्याकडूनच ती दुरुस्त करून घेतली, त्या गटाची प्रगती, विशेषतः लेखी चाचण्यांत, सर्वांत चांगली झाली.

१५. नव्या आणि परक्या शब्दांना लिंग कोण देते?

बोलणारे देतात, फ्रेंच भाषेची अधिकृत संस्था असलेली अकादमी नंतर मत देते. फ्रान्समध्ये इंग्रजीतून आलेली नामे बहुधा पुल्लिंगी होतात. मे २०२० मध्ये अकादेमी फ्राँसेझने 'कोविड' स्त्रीलिंगी असावे असे सांगितले, कारण त्यातल्या 'डी'चा अर्थ रोग आणि फ्रेंचमध्ये रोगाला असलेला 'मालादी' हा शब्द स्त्रीलिंगी. तोपर्यंत फ्रान्सभर 'ल कोविड' रुळले होते आणि ते तसेच राहिले. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात स्त्रीलिंगी रूप अधिक स्वीकारले गेले. नोकरी या अर्थाचा 'जॉब'ही फ्रान्समध्ये पुल्लिंगी आणि क्वेबेकच्या बोलीत स्त्रीलिंगी आहे. ध्वनी एकच असून दोन समाज दोन निर्णय घेतात, हे शेवटाच्या नियमावर फार विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

१६. मराठीत तीन लिंगे आहेत. आपल्याला फ्रेंच लिंग सोपे जायला हवे ना?

विशेषण आणि नाम यांचे लिंग जुळवण्याची सवय आपल्याला आधीपासून असते, ही जमेची बाजू आहे. 'बस' ती, 'ट्रक' तो, 'टेबल' ते, असे निर्णय आपण परक्या शब्दांबाबत सहज घेतो. अडचण येते ती मराठी लिंग फ्रेंच शब्दावर चिकटवल्याने. चंद्र आपल्याकडे तो, फ्रेंच 'ल्यून' मात्र स्त्रीलिंगी. टेबल आपल्याकडे ते, फ्रेंच 'ताब्ल' स्त्रीलिंगी. पुस्तक ते, 'लीव्र' पुल्लिंगी. आपल्या नपुंसकलिंगी नामांना फ्रेंचमध्ये घरच नसल्याने तेथे अंदाजाचा काही उपयोग होत नाही. शिवाय मराठीतल्या शेवटांचा मोहही आवरावा लागतो: आपल्याकडे 'ई'कारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात, पण फ्रेंच 'आब्री' (आसरा), 'फ्यूझी' (बंदूक) आणि 'तापी' (गालिचा) पुल्लिंगी आहेत.

१७. एकच शब्द एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी असू शकतो का?

असे तीन शब्द प्रसिद्ध आहेत: 'आमूर' (प्रेम), 'देलीस' (परमानंद) आणि 'ओर्ग' (ऑर्गन हे वाद्य). 'आमूर'चे स्त्रीलिंगी अनेकवचन आज मुख्यतः साहित्यिक भाषेत भेटते. 'ओर्ग' अनेकवचनात स्त्रीलिंगी होते ते एकाच भव्य वाद्याबद्दल बोलताना. अनेक वेगवेगळी वाद्ये असतील तर ते पुल्लिंगीच राहते. या तिघांना ध्वनीचा कोणताही नियम लागू पडत नाही. ती पाठच करावी लागतात.